समुद्रावरचा नेम



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर 'युद्धनौकेची तोफ आणि क्षेपणशास्त्र' असे छापले आहे. नाव जरा भारदस्त आहे खरे, पण त्यामागचा प्रश्न कुणालाही कळण्याजोगा आहे. पंधरा किलोमीटरांवर, डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसणारे एक जहाज धावते आहे. आपणही धावत्या आणि डुलत्या जहाजावर उभे आहोत. येथून सोडलेला गोळा त्या ठिपक्यावर पडला पाहिजे. हे साधते कसे?

द्रोणाचार्यांनी अर्जुनाची परीक्षा घेतली, ती ह्या मानाने सोपीच म्हणावी लागेल. झाड जागच्या जागी होते, पक्षी कृत्रिम होता, अर्जुन पक्क्या जमिनीवर उभा होता आणि बाण निमिषात पोचणार होता. तो पक्षी उडता असता, अर्जुन झोपाळ्यावर असता आणि बाणाला पोचायला अर्धे मिनिट लागणार असते, तर नुसता पक्ष्याचा डोळा दिसून भागले नसते. मग त्याला वारा पाहावा लागला असता, झोपाळ्याचा झोका मोजावा लागला असता, आणि पहिला बाण कोठे गेला हे ध्यानात ठेवून दुसरा सोडावा लागला असता. ह्या शेवटच्या गोष्टीवर आमचा सगळा भर आहे. मोठी तोफ म्हणजे मोठे यश असा एक सोपा हिशोब आपण मनाशी करून ठेवलेला असतो. समुद्रावरच्या तोफखान्याचे शास्त्र मात्र आपली चूक किती झाली हे मोजण्याचे शास्त्र आहे, आणि जो ती लवकर मोजतो त्याचा गोळा लागतो. एका जहाजाच्या गोष्टीवरून हे आपल्यापुढे मांडावे असा विचार आहे.

ते जहाज आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी कदाचित पाहिलेही असेल. 'आय. एन. एस. दिल्ली' ह्या नावाची क्रूझर १९४८ पासून १९७८ पर्यंत आपल्या नौदलात होती. आपल्याकडे येण्यापूर्वी तिचे नाव 'अकिलीज' होते, आणि १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, रिव्हर प्लेट नदीच्या मुखाबाहेर, जर्मनीच्या 'ॲडमिरल ग्राफ श्पे' ह्या जहाजाशी जी लढाई झाली तिच्यात ती लढली. तिचे त्या वेळचे कप्तान एडवर्ड पॅरी पुढे १९४८ ते १९५१ ह्या काळात आपल्या नौदलाचे प्रमुख होते. म्हणजे जहाजही आपल्याकडे आले आणि कप्तानही आला! ह्या लढाईवर १९५६ साली निघालेल्या इंग्रजी चित्रपटात 'अकिलीज'चे काम 'दिल्ली'नेच केले. नाटकातल्या नटाने स्वतःच्याच तरुणपणाची भूमिका करावी तसा हा प्रकार. फक्त १९४३ साली तिचा एक तोफ-मनोरा काढून टाकलेला होता, त्यामुळे पडद्यावर तीनच मनोरे दिसतात. लढाईत ते चार होते.

पण लढाईकडे जाण्याआधी गोळ्याची वाट पाहू.

शाळेत आपण शिकलो की, तिरका फेकलेला दगड अन्वस्त नावाच्या वक्र रेषेतून जातो आणि पंचेचाळीस अंशांत फेकला तर सर्वांत लांब पडतो. हे गॅलिलिओने १६३८ साली छापले. हातातल्या दगडाला हे पुष्कळसे लागू पडते. तोफेच्या गोळ्याला लागू पडत नाही, आणि बंदुकीसारख्या भयंकर वेगाने जाणाऱ्या वस्तूची वाट हवेमुळे बिघडेल हे गॅलिलिओलाही दिसत होते. ती किती बिघडते, हे मात्र पुढे शंभर वर्षे कुणी नीट मोजले नाही. हवा म्हणजे पातळ पदार्थ, ती लोखंडाच्या गोळ्याला काय अडवणार, अशी समजूत होती.

ती समजूत बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञाने मोडली. त्याचे पुस्तक १७४२ साली निघाले. त्याची युक्ती इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही असे वाटावे. एक जड लाकडी ठोकळा त्याने झोपाळ्यासारखा टांगला आणि त्यावर बंदूक झाडली. गोळी ठोकळ्यात रुतली, ठोकळा मागे झुलला. तो किती झुलला ते फितीने मोजले की गोळीचा वेग काढता येतो. मग बंदूक आणखी दूर नेऊन पुन्हा झाडायची. दोन वेगांत जेवढा फरक, तेवढा हवेने खाल्ला. गोळीचा वेग सेकंदाला सतराशे फुटांच्या आसपास निघाला. अन्वस्ताच्या हिशोबाने अशी गोळी सतरा मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती मैलभरही जात नसे. हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या सव्वाशे पटींच्या घरात भरत होता. शिवाय ध्वनीच्या वेगाच्या आसपास हा विरोध एकाएकी वाढतो, हेही रॉबिन्सच्या नजरेतून सुटले नाही. त्याच पुस्तकाचे जर्मन भाषांतर करून ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ साली त्यावर मुळाहून मोठे भाष्य लिहिले, ह्यावरून त्याची योग्यता कळावी.

रॉबिन्सचे आणखी एक निरीक्षण सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वतःभोवती फिरणारा गोळा हवेत एका बाजूला वळतो, हे त्याने बंदुकीची नळी मुद्दाम वाकवून दाखवले. नळीचे तोंड डावीकडे, आणि गोळी आधी डावीकडे जाऊन मग उजवीकडे वळते! मराठीत तोफ चालवणारा तो गोलंदाज आणि चेंडू टाकणारा तोही गोलंदाज. शब्द कुणी योजला असेल तो असो, पण फिरकीचा चेंडू हवेतच वळतो त्याचे कारण आणि रॉबिन्सच्या गोळीचे कारण एकच आहे. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांची बांधकामे सुधारण्यासाठी हिंदुस्थानात आला आणि कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे १७५१ साली तापाने वारला. मरताना त्याचे वय पुरते पंचेचाळीसही नव्हते.

आता 'अकिलीज'ची तोफ घ्या. सहा इंच व्यासाची, गोळा एकशे बारा पौंडांचा, म्हणजे साधारण एक्कावन्न किलो. नळीतून सुटताना वेग सेकंदाला ८४१ मीटर. हवा नसती तर हा गोळा ७२ किलोमीटर गेला असता. मुंबईतून सोडलेला खोपोलीच्याही पुढे पडला असता. प्रत्यक्षात तो फार तर २३ किलोमीटर जातो. दोन तृतीयांशांहून अधिक पल्ला हवेने गिळला. आणि हवा किती गिळेल हे एका सूत्रात बसवता येत नाही, कारण विरोध वेगावर अवलंबून, वेग विरोधावर अवलंबून, आणि गोळा जसा वर चढतो तशी हवाही विरळ होत जाते. मग करतात काय? वाण्याच्या खतावणीसारखे करतात. गोळ्याच्या प्रवासाचे लहान लहान तुकडे पाडायचे. ह्या तुकड्यात हवेने वेग इतका घटवला, पृथ्वीने इतके खाली ओढले, शिल्लक इतकी. ती शिल्लक पुढच्या पानावर ओढायची. असे शेकडो वेळा केले म्हणजे एका गोळ्याची एक वाट तयार होते. प्रत्येक उंचीच्या कोनासाठी अशी एकेक वाट काढून कोष्टक तयार होते, आणि ते कोष्टक म्हणजे गोलंदाजाची पोथी. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात ही आकडेमोड माणसांच्या हाताबाहेर गेली, तेव्हा ती करण्यासाठी 'एनिॲक' हे विद्युत गणकयंत्र बांधले गेले. ते १९४६ साली जगापुढे आले, तोवर युद्ध संपलेले होते. आज आपल्या खिशात जी यंत्रे आहेत, त्यांच्या वंशवेलीच्या मुळाशी तोफेचे कोष्टक आहे.

कोष्टक हाती आले तरी ते एका काल्पनिक दिवसाचे असते. त्या दिवशी वारा नाही, हवा ठरावीक उष्णतेची, नळी कोरी करकरीत, दारू ठरावीक तपमानाची. खऱ्या दिवशी दारूचे कोठार तापलेले असले तर गोळा जास्त वेगाने सुटतो. शेकडो बार झालेली नळी झिजते आणि गोळा कमी वेगाने सुटतो. नळीतल्या आट्यांमुळे गोळ्याला जी गरगर मिळते तिने तो सरळ राहतो, पण त्याच गरगरीमुळे थोडा उजवीकडे सरकतोही. ह्या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी बार उडवण्याआधी करायची असते.

पृथ्वीच्या फिरण्याचाही एक हप्ता आहे. त्याविषयी एक कथा फार सांगितली जाते. ८ डिसेंबर १९१४ रोजी फॉकलंड बेटांजवळ इंग्रजांचे गोळे सारखे शंभर यार्ड डावीकडे पडत होते. कारण तोफांची दुरुस्ती उत्तर गोलार्धासाठी केलेली आणि लढाई दक्षिण गोलार्धात! ही कथा लिटलवुड ह्या गणितज्ञाने १९५३ सालच्या आपल्या पुस्तकात दिली आहे. लिटलवुड म्हणजे हार्डीचा सहकारी, रामानुजनचे कागद वाचणाऱ्यांतला एक, आणि पहिल्या महायुद्धात त्याने स्वतः तोफांचे गणित केलेले. तेव्हा कथेला वजन येते. पण आपण हिशोब करून पाहू. गोळ्याने पंधरा किलोमीटर जायला अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर वेळ घेतला, तर त्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याने तो वीस-पंचवीस मीटर बाजूला जाईल. दुरुस्ती उलटी झाली म्हणून दुप्पट धरा, तरी चाळीस-पन्नास मीटर. कथेतल्या शंभर यार्डांच्या तो निम्माच भरतो. शिवाय सगळे गोळे डावीकडे पडताना दिसत असता कोणता अधिकारी तोफ उजवीकडे घेणार नाही? कथा गोड आहे, एवढेच आमचे म्हणणे.

खरा घोळ पृथ्वीचा नसून त्या दोन जहाजांचा असतो. 'ग्राफ श्पे' त्या दिवशी चोवीस नॉटांच्या आसपास चालत होती असे धरू. नॉट म्हणजे ताशी १८५२ मीटर. गोळा हवेत असतानाच्या अर्ध्या मिनिटात ती ३७० मीटर पुढे जाणार, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दुप्पट. तेव्हा ती आता जेथे आहे तेथे नेम धरणारा निश्चित चुकतो. ती कोठल्या दिशेने, किती वेगाने चालली आहे हे दुरून पाहून ठरवायचे, आणि तेवढ्यात तिने सुकाणू फिरवले नाही अशी आशा करायची. अंतर मोजायची दुर्बीण असते, पण अंतर दुप्पट झाले की तिची चूक चौपट होते. आपले जहाज डुलते आहे. नळी एका अंशाने वर-खाली झाली तरी गोळा शेकडो मीटर पुढे-मागे पडतो. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी एक सुधारणा झाली. प्रत्येक तोफेवरच्या माणसाने आपापला नेम धरण्याऐवजी, डोलकाठीवर उंच, धुराच्या वर, एका छोट्या नियंत्रण-मनोऱ्यात बसलेल्या माणसाने सगळ्यांचा नेम धरायचा. खाली जहाजाच्या पोटात गणितयंत्र चालवणारे बसतात. वरून अंतर आणि दिशा कळवली जाते, खालून तोफांना कोन कळवला जातो, आणि साऱ्या तोफांची सरबत्ती एकाच वेळी उडते. इंग्लंडचे सर पर्सी स्कॉट ह्यासाठी वर्षानुवर्षे वरिष्ठांशी भांडले. १९१२ साली 'थंडरर' आणि 'ओरायन' ह्या दोन जहाजांची तुलना घेतली, तेव्हा नव्या पद्धतीच्या 'थंडरर'चे गोळे कित्येक पट अधिक लागले आणि वाद मिटला.

एकाच वेळी सरबत्ती का? कारण पाण्याचे कारंजे दिसले पाहिजेत. पंधरा किलोमीटरांवर एकटा गोळा पडला तर तो कळत नाही. सहा-आठ गोळे जवळजवळ पडले की पाण्याची एक भिंत उभी राहते. ती जहाजाच्या अलीकडे दिसली तर गोळे कमी पडले, जहाजाने झाकली गेली तर पुढे गेले. काही अलीकडे आणि काही पलीकडे पडले की पल्ला सापडला. मग त्यांतला एखादा लागतोच. वरच्या मनोऱ्यातला अधिकारी हातात वेळ मोजण्याचे घड्याळ घेऊन बसतो, कारण हे कारंजे आपलेच की शेजारच्या मित्राच्या जहाजाचे, हे ओळखायला गोळ्याच्या प्रवासाचा वेळ एवढीच खूण असते.

आता १३ डिसेंबरची सकाळ. इंग्रजांकडे कमोडोर हारवुड ह्यांच्या हाताखाली तीन जहाजे होती: आठ इंची तोफांचे 'एक्सेटर', आणि सहा इंची तोफांची 'एजॅक्स' व 'अकिलीज'. 'ग्राफ श्पे'वर अकरा इंचाच्या सहा तोफा, गोळा तीनशे किलोंचा, पल्ला ३६ किलोमीटर. एक्कावन्न किलोंच्या गोळ्याने तीनशे किलोंच्या गोळ्याशी भांडायचे होते. कागदावर 'ग्राफ श्पे'ने दूर राहून तिघांनाही एकेक करून बुडवायला हवे होते. हारवुड ह्यांनी आपली जहाजे दोन बाजूंना विभागली, म्हणजे शत्रूला नेमही दोन ठिकाणी धरावा लागेल आणि एकमेकांचे गोळे बाजूने पाहताही येतील.

सहा वाजून अठरा मिनिटांनी 'ग्राफ श्पे'ने तोंड उघडले. काही मिनिटांतच 'एक्सेटर'चा एक मनोरा निकामी झाला आणि कप्तानाजवळची बहुतेक माणसे पडली. जर्मन नेम उत्तम होता. पण 'ग्राफ श्पे'चे कप्तान लांग्सडॉर्फ ह्यांनी मोठ्या तोफा 'एक्सेटर'वरून लहान जहाजांकडे, पुन्हा 'एक्सेटर'कडे अशा फिरवल्या. लहान जहाजे जवळ येऊन सतावत होती हे खरे, तरी आमच्या मते ह्यात त्यांचा मोठा तोटा झाला. लक्ष्य बदलले की आधीच्या सरबत्त्यांतून मिळालेल्या साऱ्या दुरुस्त्या वाया जातात आणि पहिल्यापासून गणित मांडावे लागते.

सहा चाळीसच्या सुमारास एक अकरा इंची गोळा 'अकिलीज'च्या अलीकडे पाण्यावर फुटला. गोळा चुकला होता, पण तुकडे चुकले नाहीत. कप्तान पॅरी पायांना जखमी झाले आणि तुकडे थेट नियंत्रण-मनोऱ्यात शिरले. नेमाचा मेंदूच तेथे होता. तोफखान्याच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला जखम झाली. त्या लढाईत 'अकिलीज'वरचे चौघे मेले. मनोऱ्यात सार्जंट ट्रिंबल पाठीत तुकडे घेऊन शेवटपर्यंत आपल्या जागेवर उभे राहिले, आणि अठराच्या आतला एक पोरगा, दोन्ही बाजूंना मेलेले सोबती पडलेले असताना, टेलिफोनवरून आकडे सांगत राहिला. क्षेपणशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ह्या पोराला जागा नाही. पण तो आकडे सांगायचा थांबता, तर खालच्या यंत्राला काहीच करता आले नसते.

ह्याच वेळी 'अकिलीज'चे बिनतारी यंत्र बंद पडले. तोवर 'एजॅक्स' आणि 'अकिलीज' एका गणिताने मारा करीत होत्या. तो सांधा तुटला, आणि तुटला आहे हे 'एजॅक्स'ला कळले नाही. 'एजॅक्स'चे छोटे विमान वरून गोळे पाहून निरोप देत होते. त्याने 'अकिलीज'चे अलीकडे पडणारे गोळे पाहिले आणि ते 'एजॅक्स'चे समजून 'कमी पडतात, वाढवा' असे कळवले. 'एजॅक्स'ने पल्ला वाढवला. तिचे गोळे पार पलीकडे जाऊ लागले. विमानाला ते न दिसता पुन्हा 'अकिलीज'चेच दिसले. पुन्हा 'वाढवा'. वीसेक मिनिटे हा खेळ चालला. तोफा ठीक, दारू ठीक, कोष्टके ठीक, गणितयंत्रे ठीक. दुसऱ्याची चूक आपल्या खात्यावर लिहिली गेली, एवढेच. घोटाळा ध्यानात आल्यावर मारा पुन्हा जागेवर आला.

सुमारे ऐंशी मिनिटे लढाई चालली. दोन्ही लहान जहाजांनी मिळून दोन हजारांच्या घरात गोळे उडवले आणि त्यांतले वीसही 'ग्राफ श्पे'ला लागले नाहीत. शंभरात एक! शास्त्राचे एवढे कौतुक आणि फळ हे, असे कुणाला वाटेल. आम्हाला उलट वाटते. वारा, लाटा, धूर, झिजलेली नळी, वळणारा शत्रू आणि तुटलेली तार ह्या सगळ्यांतून शंभरातला एक गोळा लागला, आणि तेवढ्याने काम झाले. 'एक्सेटर'चे आठ इंची आणि ह्या दोघींचे सहा इंची गोळे मिळून 'ग्राफ श्पे' इतकी घायाळ झाली की तिने माँतेव्हिदिओ बंदर गाठले. चार दिवसांनी, १७ डिसेंबरला, लांग्सडॉर्फ ह्यांनी ती स्वतःच बुडवली. इंग्रजांच्या तिन्ही जहाजांवर मिळून बहात्तर माणसे मेली, त्यांतली एकसष्ट 'एक्सेटर'वरची. 'ग्राफ श्पे'वर छत्तीस. लांग्सडॉर्फ ह्यांनी आपली माणसे वाचवली आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत ब्वेनोस आयरिस येथे स्वतःवर गोळी झाडून घेतली.

'दिल्ली' झाल्यावर ह्या जहाजाच्या तोफा खऱ्या अर्थाने एकदाच बोलल्या, डिसेंबर १९६१ मध्ये दीवसमोर. तेथे लक्ष्य जमिनीवर होते, हलत नव्हते. गणिताचा निम्मा भार हलका झालेला होता. पुढे आलेल्या रडारने अंतर मोजण्याची आणि कारंजे ओळखण्याची अडचण पुष्कळ कमी केली. नव्या तोफांच्या बाबतीत तर नळीतून सुटलेल्या प्रत्येक गोळ्याचा वेग तेथल्या तेथे मोजता येतो. रॉबिन्सचा टांगलेला ठोकळाच तो, फक्त लाकडाचा राहिलेला नाही.

१९७८ साली 'दिल्ली' निवृत्त झाली आणि भंगारात गेली. तिच्यावरचा एक तोफ-मनोरा मात्र भारत सरकारने न्यूझीलंडला भेट दिला, कारण लढाईच्या वेळी 'अकिलीज'वरची बरीच माणसे त्या देशाची होती. तो आज ऑकलंडला, डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या दाराशी ठेवलेला आहे.